अर्धा चमचा साखर

मुलांनो, आज आधी एक गणित. घाबरू नका, तोंडी आहे!

समजा, तुमचं वजन 30 किलो आहे. मग तुमच्या अंगात रक्त असेल साधारण सव्वादोन लिटर. दर 100 मिलिलिटर रक्तात साखर असते सुमारे 90 मिलिग्रॅम. तर सगळ्या रक्तात मिळून साखर किती? कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल. उत्तर येईल दोन ग्रॅम. म्हणजे किती? चहाचा चमचा साखरेने सपाट भरा आणि त्यातली निम्मी परत डब्यात टाका. चमच्यात उरली, तेवढीच!

विश्वास बसत नाही ना? पण खरं आहे. दिवाळीच्या सकाळी तुम्ही चार लाडू आणि दोन करंज्या हाणल्यात, तर रक्तातली साखर वाढते खरी. पण दोन-तीन तासांत पुन्हा मूळपदावर. आणि रात्री आठला जेवून सकाळी सातपर्यंत पोटात काहीच गेलं नाही, तरी उठल्यावर ती अर्धा चमचा साखर जागच्या जागी असतेच. या साखरेचं नाव ग्लुकोज. भात, भाकरी, पोळी, बटाटा, यांतल्या पिठूळ भागाचं शेवटी आतड्यात ग्लुकोजच होतं.

आता गंमत पाहा. मेंदू हा या साखरेचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक. चार-पाच वर्षांचं मूल नुसतं स्वस्थ पडून असलं, तर त्याचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू घेतो. (मोठ्या माणसाचा मेंदू साधारण पाचवा हिस्सा घेतो. म्हणजे डोकं जास्त कोण चालवतं, ते आई-बाबांना विचारा!) मेंदूला चरबी जाळता येत नाही, त्याला साखरच हवी. आणि रक्तातली ही दोन ग्रॅम साखर त्याला अर्धा तासही पुरणार नाही. याचा अर्थ ती सारखी संपते आणि सारखी भरली जाते. कुणीतरी रात्रंदिवस हा हिशेब ठेवत असलं पाहिजे.

कोण बरं?

आजी-आजोबांना विचारा, पूर्वी गावाकडच्या घरात धान्य कसं ठेवायचे. रोजचं पीठ-तांदूळ स्वयंपाकघरातल्या डब्यात. वर्षाची बेगमी मोठ्या कणगीत. डबा चटकन उघडता येतो, पण त्यात मावतं थोडं. कणगीत पुष्कळ मावतं, पण तिला रोज हात लावायचा नसतो.

आपल्या शरीराचीही तीच तऱ्हा आहे. उजव्या बरगड्यांखाली यकृत असतं, तो डबा. जेवणानंतरची जास्तीची साखर यकृत आपल्यात साठवून ठेवतं. स्नायूही थोडी साठवतात, पण ती फक्त स्वतःपुरती. स्नायू शेजाऱ्याला वाटीभर साखरही उसनी देत नाहीत! आणि कणगी म्हणजे कातडीखालची आणि पोटातली चरबी. लहान मुलाचा डबा लहान आणि मेंदू खाणारा मोठा, म्हणून मुलांचा डबा मोठ्या माणसांपेक्षा लवकर रिकामा होतो. सकाळी न खाता शाळेत आलेली मुलं प्रार्थनेच्या वेळी का डुलतात, ते यावरून कळेल.

घर झालं, डबा झाला, कणगी झाली. आता हुकूम देणारं कुणीतरी हवं. हे हुकूम म्हणजे संप्रेरकं, ज्यांना डॉक्टर हॉर्मोन म्हणतात. ही रसायनं शरीरातल्या ग्रंथींमध्ये तयार होतात आणि थेट रक्तात सोडली जातात. रक्ताबरोबर ती सगळीकडे फिरतात. ज्या पेशीला त्यांची भाषा कळते, ती पेशी हुकूम पाळते.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची आडवी ग्रंथी असते. 1869 साली बर्लिनमधला पॉल लँगरहॅन्स नावाचा 21 वर्षांचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून स्वादुपिंड पाहत होता. समुद्रात बेटं असावीत तसे पेशींचे छोटे छोटे पुंजके त्याला तिथे दिसले. ते कशासाठी आहेत, हे काही त्याला सांगता आलं नाही. पण त्या पुंजक्यांना आज सगळं जग लँगरहॅन्सची बेटं म्हणतं. या बेटांवरून दोन हुकूम निघतात. एक इन्सुलिन. ते म्हणतं, ‘भरा!’ दुसरं ग्लुकागॉन. ते म्हणतं, ‘काढा!’

जेवण झालं, रक्तात साखर चढली, की इन्सुलिन निघतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला खास दारं असतात. एरवी ही दारं पेशीच्या आत ठेवून दिलेली असतात. इन्सुलिन आलं की ती वर येतात आणि भिंतीत बसतात. साखर आत! त्याच वेळी इन्सुलिन यकृताला सांगतं, ‘साखर बाहेर सोडू नकोस, साठव.’ आणि चरबीला सांगतं, ‘कणगीचं तोंड बंद!’ हा तिसरा हुकूम नीट लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरच सगळी गोष्ट येणार आहे.

मेंदूची दारं मात्र इन्सुलिनची वाट बघत बसत नाहीत. ती कायम उघडी. घरातल्या लाडक्या बाळाला जेवायला परवानगी लागत नाही, तसंच!

रात्री उलटं होतं. तुम्ही गाढ झोपलात, साखर खाली यायला लागली, की इन्सुलिन कमी होतं आणि ग्लुकागॉन यकृताचा डबा उघडायला लावतं. इन्सुलिन कमी झाल्यामुळे कणगीचं तोंडही थोडं सैल सुटतं. चरबी हळूहळू बाहेर येते आणि स्नायू तिच्यावर भागवतात. साखर मेंदूसाठी राखून ठेवली जाते. तुम्ही स्वप्नात आइस्क्रीम खात असता, तेव्हा आत असा काटकसरीचा संसार चाललेला असतो.

ग्लुकागॉनच्या जोडीला आणखी तिघं आहेत. खो-खोमध्ये तुमच्या पाठीमागे कुणी धावत आलं, किंवा गणिताचा पेपर हातात पडला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, हात गार पडतात आणि क्षणात डबा आणि कणगी दोन्ही उघडतात. पळायला इंधन तयार! त्याच टोप्यांतून कॉर्टिसोल येतं. ते पहाटे वाढतं आणि यकृताला साखर तयार करायला लावतं.

तिसऱ्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण ते खास तुमच्या वयाचं आहे. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचं संप्रेरक येतं, आणि त्याचा मोठा हप्ता रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सुटतो. (‘लवकर झोपा’ म्हणून घरचे मागे लागतात, त्यात अगदीच काही तथ्य नाही असं समजू नका.) आपल्याला वाटतं हे संप्रेरक फक्त उंची वाढवतं. पण ते चरबी मोकळी करतं आणि इन्सुलिनच्या कामात मोडता घालतं. ज्या मुलांमध्ये ते जन्मापासून कमी असतं, त्यांची उंची खुंटते, पोटावर चरबी साठते आणि तान्हेपणी रक्तातली साखर एकाएकी घसरू शकते. वयात येताना ते भरपूर वाढतं, तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. शरीर मग जास्त इन्सुलिन सोडून बरोबरी साधतं. आठवी-नववीतल्या दादाची पँट दर सहा महिन्यांनी आखूड होते, त्यामागे आत अशी ओढाताण चाललेली असते.

आता मोजा बरं. साखर वर नेणारे ग्लुकागॉन, ॲड्रिनलिन, कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक, असे चार. खाली आणणारं? फक्त एक, इन्सुलिन. एका बाजूला चौघे आणि दुसऱ्या बाजूला एकटा गडी, अशी ही रस्सीखेच आहे.

एक विषय मध्येच घेते, कारण वर्गात जाड मुलांना चिडवलेलं मला मुळीच खपत नाही. चरबी म्हणजे नुसतं मुकं पोतं, असं पुष्कळ वर्षं समजत. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चरबीच्याच पेशींतून निघणारं एक संप्रेरक सापडलं. त्याचं नाव लेप्टिन. ते मेंदूला सांगतं, ‘कणगी भरली आहे, आता पुरे.’ पुढे 1997 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी नात्यातल्या दोन भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो! दोघं जन्मली तेव्हा वजन नेहमीसारखं होतं. पण त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. कणगी ओसंडून वाहत होती आणि मेंदूला निरोपच नाही! तो बिचारा समजत होता की घरात दुष्काळ पडलाय, खा, आणखी खा. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हा तिची भूक आवरली आणि वर्षभरात तिचं वजन सुमारे 16 किलोंनी उतरलं. असा आजार फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. बहुतेक जाड मुलांना तो नसतो. पण ‘खादाड’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी ही मुलगी आठवायला हरकत नाही.

(आई-बाबांसाठी: वजन जास्त असलेल्या मुलाच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासत बसू नका. पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा झाल्या आणि शरीर फार जास्त इन्सुलिन ओतू लागलं, की असा पट्टा येऊ शकतो. डॉक्टरांना दाखवा.)

आता तो तिसरा हुकूम. समजा, रस्सीखेचेतला तो एकटा गडीच नाहीसा झाला तर?

काही मुलांमध्ये असं होतं. जंतूंशी लढणारी शरीराची स्वतःची फौज चुकून त्या बेटांवरच चाल करते आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. मग स्नायूंची दारं वर येत नाहीत, आणि साखर रक्तातच साचते. तिकडे यकृताला वाटतं घर उपाशी आहे, म्हणून ते स्नायू मोडून आलेल्या मालापासून आणखी साखर बनवून रक्तात ओततं. साखर एका मर्यादेपलीकडे गेली की लघवीतून वाहू लागते, आणि जाताना बरोबर पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, आणि म्हणून सारखी तहान. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वीच पाहिलं होतं. मधुमेह हा शब्दच पाहा ना, त्यात ‘मध’ आहे!

पण खरा घात करते ती कणगी. तिचं तोंड बंद ठेवायला एरवी अगदी थोडं इन्सुलिन पुरतं. तेही उरलं नाही, की तोंड सताड उघडतं. चरबी भसाभस यकृताकडे येते आणि यकृत तिच्यापासून कीटोन नावाचे आंबट पदार्थ बनवतं. थोडे असले तर शरीर ते जाळून टाकतं. पण असे लोटच आले, की रक्त आंबट होतं. मुलाला उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि भराभर चालतो, आणि श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. रक्तात साखरच साखर, आणि मूल मात्र वाळत चाललेलं. भरल्या घरात उपाशी!

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. 1889 साली स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून पाहिलं, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे औषध स्वादुपिंडातच दडलेलं आहे, हे कळलं. पण ते बाहेर काढायचं कसं? तोवर एकच उपाय होता, तो म्हणजे उपास. मुलांना दिवसाला चार-पाचशे कॅलरींचंच खाणं द्यायचे. म्हणजे आपल्या चार-पाच पोळ्यांएवढं, आणि तेही वाढत्या वयात! मूल आजाराने मरायचं ते थोडं उशिरा, उपासाने मरायचं.

1921 च्या उन्हाळ्यात कॅनडामधल्या टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट हा 22 वर्षांचा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करू लागले. स्वादुपिंडाचा अर्क काढायचा, मधुमेही कुत्र्याला टोचायचा आणि साखर उतरते का ते बघायचं. साखर उतरू लागली.

शहरातल्याच मोठ्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. वजन जेमतेम 29 किलो. तुमच्यापैकी चौथीतल्या पुष्कळांचं तेवढं असेल! 11 जानेवारी 1922 रोजी त्याला त्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क होता तपकिरी आणि गढूळ. साखर थोडी उतरली, पण कीटोन हटले नाहीत आणि टोचलं तिथे गळू झालं. प्रयोग थांबवावा लागला. मग जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ तो अर्क शुद्ध करायच्या मागे लागले. बारा दिवसांनी, 23 जानेवारीला, लेनर्डला त्यांचा शुद्ध अर्क दिला. चोवीस तासांत रक्तातली साखर 520 वरून 120 वर आली. लघवीतले कीटोन गेले. कणगीचं तोंड बंद झालं होतं! लेनर्ड त्यानंतर 13 वर्षं, 1935 पर्यंत जगला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी टोरोंटोला आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. पण पैसा आणि मान काय कामाचा? तीन वर्षांच्या उपासमारीने पंधराव्या वर्षाला टेकलेल्या त्या मुलीचं वजन 20 किलोंवर आलं होतं. बँटिंगनी तिला इन्सुलिन सुरू केलं, आणि ती पोटभर जेवू लागली. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि 1981 साली वयाच्या 73 व्या वर्षी ती गेली. तोवर तिने चाळीस हजारांहून जास्त इंजेक्शनं घेतली होती.

बँटिंग आणि मॅक्लाउड यांना 1923 चं नोबेल पारितोषिक मिळालं. बँटिंगनी आपल्या पैशातला वाटा बेस्टना दिला आणि मॅक्लाउडनी कॉलिपना. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क तर विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले गेले. पुढे अनेक वर्षं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. 1982 पासून जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं माणसाचं इन्सुलिन मिळू लागलं.

‘बाई, गोळी का नाही घेत?’ हा प्रश्न मला दर वर्षी येतो. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळलं तर डाळीसारखं पचून जाईल. म्हणून ते कातडीखालच्या चरबीत टोचायचं. पोटावर नाहीतर मांडीवर.

माझ्या तिसरीच्या वर्गात असा एक मुलगा आहे. डबा खाण्याआधी तो बोटाला टोचून रक्ताचा थेंब छोट्या यंत्राने तपासतो. पहिले आठ दिवस सगळा वर्ग भोवती कडं करून बघायचा. आता कुणी ढुंकूनही बघत नाही, सगळ्यांचं लक्ष आपापल्या डब्यात! मोठ्यांचंच समाधान करणं अवघड जातं. एका पालकांनी मला विचारलं, ‘फार चॉकलेटं खायचा का हो?’ दुसऱ्यांनी विचारलं, ‘शेजारी बसून आमच्या मुलीला नाही ना लागण होणार?’ गोड खाऊन हा आजार होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला तर मुळीच होत नाही. बेटांवरची लढाई त्याच्या खाऊच्या पैशांना विचारून झाली नव्हती.

आई-बाबांनो आणि शिक्षकांनो, हे जरा नीट वाचा. मूल एकाएकी तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागलं, वर्गात सारखं ‘एकीला जाऊ?’ विचारू लागलं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असताना पुन्हा करू लागलं, खाऊनही वाळू लागलं, मलूल राहू लागलं, तर त्याला रागावू नका, जंताचं औषध देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन रक्तातली साखर बघायला सांगा. बोटातला एक थेंब पुरतो, उत्तर काही सेकंदांत मिळतं. उलट्या आणि भराभर श्वास सुरू झाले असतील, तर थेट रुग्णालय गाठा. हे पोट बिघडल्यासारखं दिसतं आणि तिथेच मोलाचा दिवस वाया जातो.

आणि मुलांनो, वर्गातल्या इन्सुलिन घेणाऱ्या दोस्तासाठी तुम्हालाही एक काम आहे. आपल्या शरीरातलं इन्सुलिन गरज संपली की आपोआप थांबतं. टोचलेलं थांबत नाही. त्यात खेळताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. म्हणून दोस्ताने डबा अर्धा टाकला, किंवा खो-खोत जास्त पळापळ झाली, तर ती अर्धा चमचा साखर आणखी खाली जाऊ शकते. मग त्याचे हात थरथरतात, दरदरून घाम येतो, चेहरा पांढरा पडतो. कधी तो उगाच चिडतो, असंबद्ध बोलतो. मेंदूला साखर कमी पडलेली असते, त्याच्यावर रुसू नका. त्याला खाली बसवा, एकटं सोडू नका, आणि एकाने बाईंना बोलवायला पळा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा पोचते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, आडवं कुशीवर निजवून डॉक्टर गाठायचा. पंधरा मिनिटांनी थेंब पुन्हा तपासायचा.

आमच्या वर्गात ही साखर माझ्या टेबलाच्या डाव्या खणात असते, खडूंच्या खोक्याशेजारी. सगळ्या पोरांना जागा ठाऊक आहे. आणि सांगायला आनंद वाटतो, अजून एकानेही ती चोरून खाल्लेली नाही. खडू मात्र जातात!